एक जूनच्या मुली

बंगळुरू
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. नाना,
सा. न. वि. वि.

पत्र बघून आधी मोठ्या आईला हाका मारू नका, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोठी आई मध्ये बसून अर्धं गाळून सांगते, म्हणून लिहिते आहे. शिवाय इथे सोमवार ते शनिवार आमचे फोन कपाटात बंद असतात. रविवारी अर्धा तास मिळतो, तो आई खाऊन टाकते. "पोरी, जेवण करी ऱ्हायनी ना?" इथून सुरू होतं आणि तिथेच संपतं.

नाना, तुमची पुतणी पगारी खेळाडू होणार आहे. म्हणजे झाली तर. ही लीग नवीन, मुलींची. सामने जानेवारीपासून. संघात बारा जणी. दहा जागा मोठ्या, नाव कमावलेल्या मुलींच्या. उरलेल्या दोन, १ जानेवारी २००७ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी राखीव. लीगचा तसा नियमच आहे. त्यातली एक केरळच्या मुलीला दिली. दुसरीसाठी आम्ही दोघी उरलो आहोत, आणि माझ्यासमोर कोण असेल सांगा. नवापूरची कामिनी. तीच, जिला मागे टाकून दोन वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालच्या संघातून मी राज्याला गेले होते आणि मेडल आणलं होतं. आता ती सुरतला खेळते. वडिलांच्या पोल्ट्रीवर खाद्याची पोती उचलून दंड असे केलेत की अंगावर आली की मागे सरावं लागतं. खोलीसुद्धा आम्हाला एकच दिली आहे. माझ्या खोबऱ्याच्या वड्या तिनेच संपवल्या.

आता काम. दर शनिवारी एकीने सगळ्यांसमोर बोलायचं असतं. माझा विषय आहे, पैसे घेऊन बास्केटबॉल खेळणं कसं सुरू झालं आणि कसं वाढलं. नेटवर सगळं आहे, पण ते वाचून झोप येते. शाळेच्या मागच्या मैदानावर तुम्ही सांगायचा तसं लिहून पाठवा.

आपली
रंजिता

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
२१ सप्टेंबर २०२५

चि. रंजितास अ. आ.

निवृत्त पी.टी. मास्तराला भाषण लिहून मागतेस, म्हणजे अजून आळस गेलेला नाही. घे.

अमेरिकेत थंडीच्या दिवसांत बाहेर खेळता येईना, पोरं हॉलमध्ये एकमेकांच्या उरावर बसायला लागली, तेव्हा १८९१ साली एका मास्तराने गॅलरीच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. टोपल्यांना बूड होतं. बास्केट झाली की शिडी लावून बॉल काढायचा. तू शिडी न लावता काढला असतास.

पुढे पाच वर्षांत पैसा आला. एका गावची टीम हॉलमधून हाकलली गेली, तिने दुसरा हॉल भाड्याने घेतला, तिकिटं लावली, आणि भाडं जाऊन उरलं ते वाटून घेतलं. तिथून हा धंदा सुरू. मैदानाला चहूबाजूंनी तारेची जाळी मारलेली असायची, त्यावर आपटून खेळाडू रक्तबंबाळ व्हायचे. लीग निघायच्या आणि दोन-चार वर्षांत बसायच्या. कारण एकच खेळाडू सोमवारी एका टीमकडून, मंगळवारी दुसरीकडून. कॉलेजातली पोरं खोटं नाव लावून पैशाचे सामने मारून यायची. त्यांना एकदम चोर म्हणू नकोस. खेळायला मिळावं यासाठी माणूस काय काय करतो, ते लांबून दिसत नाही.

मग १९४६ साली मोठ्या हॉलच्या मालकांनी मिळून एक लीग काढली. तीन वर्षांत समोरची लीगही त्यात आली. एक नाव, एक करार, एक टीम असं पक्कं झालं. तरी लोक कंटाळायचे, कारण पुढे असलेली टीम बॉल धरून नुसती उभी राहायची. म्हणून चोवीस सेकंदांचा नियम आला आणि खेळ वाचला. बायकांची टिकणारी लीग यायला मात्र १९९७ उजाडलं. आपल्याकडे दोन-तीनदा सुरू झाल्या, बंद पडल्या. तुमची टिको.

डाव्या हाताचा सराव कर. कामिनीकडून शीक, लाजू नकोस.

नाना

बंगळुरू
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. नाना,
सा. न.

भाषण झकास झालं. शिडीवर हसल्या, जाळीवर गप्प बसल्या. फक्त खोट्या नावांबद्दल तुम्ही लिहिलं होतं ते मी बदललं. तुम्ही फारच मऊ झाला आहात, नाना. मी सांगितलं, असा खेळाडू आमच्या गावात निघाला असता तर माझ्या काकांनी त्याचा कान धरून मैदानाबाहेर काढला असता. टाळ्या पडल्या. तुम्ही हवे होतात.

आता एक गंमत, म्हणजे गंमतच म्हणायची. मॅनेजर मॅडम कागद तपासत होत्या. कामिनीची जन्मतारीख १ जून २००७. विदर्भातून फक्त सरावापुरत्या बोलावलेल्या दोघी, त्यांचीही १ जून. मॅडम बंगळुरूच्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं, महाराष्ट्रात मुली एकाच दिवशी जन्मतात का? सगळ्या हसल्या. मीही हसले. आमच्या वर्गात चाळीसपैकी तीस पोरं एक जूनची होती. पहिलीत नाव घालताना मास्तर शाळा भरायच्या आधीची ती तारीख टाकून मोकळे व्हायचे. पण हे इतक्या शहरी मुलींसमोर कुठे सांगत बसायचं? आपण अडाणीच दिसणार. कामिनी एवढंच म्हणाली, "मन्हा जनम दिवाळीना शे." ते कोणालाच कळलं नाही.

माझं बरं आहे. माझी तारीख तुम्ही पाचवीतच दुरुस्त करून घेतली, ९ ऑगस्ट २००७. त्या एक जूनवाल्यांत खरा वाढदिवस मिळालेली मी एकटी, आणि सगळ्यांहून एक वर्षाने लहान. मी कामिनीला हे सांगून जरा भाव खाल्ला.

तर मॅडमनी आता सगळ्यांकडून ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला मागितला आहे. शाळेचा चालणार नाही. माझा तेवढा काढून लगेच स्पीड पोस्टने पाठवा. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ते नानालाच विचार.

आपली
रंजिता

ब्राह्मणपुरी
१५ ऑक्टोबर २०२५

चि. रंजितास अ. आ.

पत्र मिळालं. ग्रामसेवकाची बदली तळोद्याला झाली आहे, नवीन माणूस रुजू झालेला नाही. त्यात दिवाळी आली. ऑफिसला कुलूप असतं. मी दोन चकरा मारल्या.

शाळेचा दाखला त्यांना का चालत नाही? सरकार चालवतं, बोर्ड चालवतं, आधार त्यावर निघतं. मॅडमना नीट विचार. प्रत्येक गोष्टीला मान हलवायची गरज नाही. आणि भाषणात माझं नाव कशाला घातलंस? मी कोणाचे कान धरतो, कोणाचे नाही, ते तिथे सांगायचं काही कारण नव्हतं.

खेळात लक्ष दे. कागदांचं मी बघतो.

केळीचे घड उतरवायचे आहेत, तुझा बाप ईश्वर त्यात आहे. तुझी आई चिवडा पाठवते आहे.

नाना

बंगळुरू
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. नाना,
सा. न.

चिवडा पोहोचला, दाखला नाही. तुम्ही माझ्यावर का चिडलात ते मला कळलं नाही. पण आज त्यासाठी लिहीत नाही. मला एक विचारायचं आहे आणि आई-बाबांना विचारता येत नाही.

कामिनीला घरी पाठवलं. तिच्या गावचा दाखला आला, त्यात ९ नोव्हेंबर २००७ आहे. म्हणजे आजच तिचा वाढदिवस. दोन्ही तारखा नियमात बसतात, उलट खऱ्या तारखेने ती अजून पाच महिने लहान ठरते. पण ऑफिसवाले म्हणतात, दोन कागदांत दोन तारखा म्हणजे एक खोटा. खोटा कागद दिलेली मुलगी नको. चौकशी होईपर्यंत बाहेर.

तिला काढायच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला एकटीला बोलावलं. शांतपणे विचारलं, तुमच्या भागात शाळेचे मास्तर सगळ्यांना १ जून तारीख टाकतात असं ही म्हणते, ते खरं आहे का? तू तिथलीच आहेस, तू सांगितलंस तर मी वर बोलते.

नाना, मी म्हणाले, मला माहीत नाही.

तोंडातून निघून गेलं. मग परत फिरवता आलं असतं, मॅडम अर्धा मिनिट तरी माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. मी फिरवलं नाही. त्या अर्ध्या मिनिटात मला फक्त ती जागा दिसत होती. कामिनीने सामान भरलं, माझ्याकडून बॅगेची चेन लावून घेतली, आणि जाताना म्हणाली, "चांगलं खेळ." तिला माहीत नाही मी काय बोलले ते.

जागा आता माझी आहे. या महिन्याच्या शेवटी सही. फक्त माझा दाखला यायचा राहिला आहे, तेवढा पाठवा. आणि तुम्ही मला सांगा, मी फार वाईट केलं का? तुम्ही सांगाल ते मी मानेन. मला जेवण जात नाही.

रंजिता

ब्राह्मणपुरी
१७ नोव्हेंबर २०२५

चि. रंजितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. चार दिवस मी ते खिशात घेऊन फिरतो आहे. मोठी आई विचारते काय झालं, मी तिच्यावर ओरडतो. आता बसलोच आहे तर सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

दाखला सोबत जोडला आहे. कुलूप वगैरे सगळं खोटं होतं. तो मी तुझं ऑक्टोबरातलं पत्र आलं त्याच आठवड्यात काढून आणला होता, तेव्हापासून ट्रंकेत आहे. वाच. तुझा जन्म ९ ऑगस्ट २००६ चा आहे.

त्या दिवशी तापी, गोमाई दोन्ही फुगल्या होत्या. शहाद्याचा रस्ता बंद, म्हणून रेवाबाई सुईणीने तुझ्या आईचं बाळंतपण घरातच केलं. पंचायतीत नोंद करायला मी गेलो. खबर देणाऱ्याच्या रकान्यात माझीच सही आहे, बघ. तुझी आई लहानपणी तुला पुराची पोर म्हणायची. तो पूर कोणत्या साली आला हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, म्हणून मीच तिला ते म्हणायचं बंद करायला लावलं. कारण तिला सांगितलं नाही. तिने बिचारीने बंद केलं.

तू पाचवीत माझ्याकडे आलीस तेव्हा सातवीच्या पोरींएवढी उंच होतीस. मी वीस वर्षं टीम घेऊन जात होतो आणि पहिल्या फेरीत हरून एसटीने परत येत होतो. समोरच्या शाळांच्या मुली वयाने मोठ्या, आम्हालाही दिसायचं, पण कागद बरोबर. मग मी म्हटलं, आपणही. तुला पण एक जूनच लावलेली होती. खरी तारीख दुरुस्त करतो म्हणून अर्ज केला, दिवस खरा घातला, महिना खरा घातला, साल एकाने पुढे ढकललं. दिवस खरा असला की साल कोणी विचारत नाही, हे मला बरोबर ठाऊक होतं. ईश्वरने प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्याने वाचलंही नाही. मी पुढे ठेवलं म्हणून केली.

सतरा वर्षांखालच्या संघात तू गेलीस ते वर्ष खऱ्या वयाने तुझं नव्हतं. ते कामिनीचं होतं.

आणि आता तू मला विचारतेस की तू वाईट केलंस का. केलंस. पण तू मॅडमसमोर अर्धा मिनिट गप्प राहिलीस, मी नऊ वर्षं. तुला कान धरणारा काका माहीत आहे, तो मी नव्हतोच.

शनिवारी नवापूरला जाऊन आलो. कामिनीच्या वडिलांना, सुकलालभाईंना, पोल्ट्रीच्या दारातच सगळं सांगितलं, मी बदललेलं साल आणि तू मॅडमना काय म्हणालीस तेही. मला वाटलं होतं मारतील. त्यांनी खुर्ची दिली आणि हात धुऊन येतो म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी तसाच उठून आलो. आत कामिनी होती की नाही ते मला माहीत नाही.

हा दाखला मी परस्पर तुमच्या ऑफिसला पाठवणार होतो. पाकीट चिकटवलंसुद्धा. मग वाटलं, तुला न विचारता तुझ्या कागदावर मी एकदा लिहिलं आहे, आता पुन्हा नको. म्हणून तुझ्याकडे देतो आहे. तो दिलास तर जागा जाईल, कदाचित मेडलही. नाही दिलास तर मी कोणाला सांगणार नाही. तुला बरं वाटावं असं माझ्याकडे काही नाही.

नाना

बंगळुरू
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

नाना,

दाखला दिला.

लगेच नाही दिला. चार दिवस गादीखाली होता. तुम्ही ट्रंकेत, मी गादीखाली. फाडून टाकावा असंही मनात आलं, शाळेच्या दाखल्यावर गोड बोलून सही उरकता येईल असंही वाटलं. मॅडमना माझा खेळ आवडतो. मी गुरुवारी करारावर सही करायला त्यांच्या टेबलापर्यंत गेले. पेन हातात होतं.

तेव्हा मॅडम सहज बोलल्या. म्हणाल्या, ती तुझी मैत्रीण अजून फोन करते आहे. एकच म्हणते, रंजिताला पुन्हा विचारा, ती घाबरली असेल, पण तिला माहीत आहे, ती सांगेल.

नाना, तुम्ही नवापूरला सगळं सांगून आलात त्यानंतरचा तो फोन होता. तिला माझं सगळं ठाऊक होतं. तिने माझी तक्रार केली नाही. तिने मला साक्षीदार म्हणून बोलावलं.

मी खोलीत गेले, दाखला आणला, टेबलावर ठेवला. एक जूनचं सगळं सांगितलं, माझ्या वर्गातल्या तीस पोरांची नावं मोजून सांगितली. माझं सालही सांगितलं. मॅडमनी करार ओढून घेतला. दोन वर्षं मला कुठेच खेळता येणार नाही. राज्याचं मेडल परत द्यायचं आहे. कामिनीला बोलावलं आहे, ती मंगळवारी येईल. मी सोमवारी निघते, म्हणजे आमची गाठ पडणार नाही. मीच मॅडमना तसं सांगितलं. तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही.

बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नानानी सांगं, मी सही करी." एवढंच. त्यांचा आवाज ऐकून मला तुमचा इतका राग आला की फोन भिंतीवर मारावासा वाटला.

मला तुमचा राग जागेसाठी आलेला नाही. जागा गेली, रडून झालं. तुम्ही माझं जे खरं होतं तेच बिघडवून ठेवलंत, त्याचा राग आहे. मी हरवलेल्या सगळ्या मुली माझ्याहून लहान होत्या. त्या वयात एक वर्ष म्हणजे किती असतं हे तुम्हीच शिकवलंत. प्रत्येक सामना मी आठवते आणि मला कळत नाही, मी चांगली खेळत होते की फक्त मोठी होते. हे आता मला कोण सांगणार? ज्यांना विचारायचे ते तुम्हीच होतात.

स्टेशनावर तुम्ही येऊ नका. बाबा येतील.

एकाच गोष्टीचं उत्तर हवं आहे, आणि या वेळी खरं लिहा. मी घरी पोहोचायच्या आत पत्र येणार नाही, तरी लिहूनच द्या, तोंडी नको. पाचवीत मी तुमच्याकडे आले तेव्हा, तारीख न बदलता मी पुढे गेले असते, असं तुम्हाला वाटलं होतं का?

रंजिता

ब्राह्मणपुरी
६ डिसेंबर २०२५

चि. रंजिता,

तू शेजारच्या घरात आहेस आणि मी पत्र लिहितो आहे. मोठी आई हे तुझ्या आईच्या हातात देईल.

काल शहाद्याला शिक्षण खात्याच्या ऑफिसात जाऊन माझं म्हणणं लेखी देऊन आलो. तारीख मी बदलली, ईश्वरला किंवा तुला माहिती नव्हती, असं लिहून खाली सही केली. साहेब म्हणाले, निवृत्त झालात, आता कशाला उकरता. मी पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. पुढे पेन्शनचं काय होईल ते होईल. ईश्वर माझ्याशी बोलत नाही. केळीच्या बागेत समोरून आला तरी बांध बदलतो. त्याचं बरोबर आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. तिन्हीत मी तुला बरं वाटेल असं काहीतरी घालत होतो.

नाही. मला तसं वाटलं नव्हतं. तू उंच होतीस, एवढंच मला दिसलं होतं. तू चांगली होशील याची खात्री असती तर मी तारखेला हात लावला नसता.

नाना